घरी घेतलेली गाभण मांजर खात नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

भटकी मांजर जिन्यात, गच्चीवर किंवा वाड्याच्या माळ्यावर असते तोवर मिळेल ते खाते. पोट दिसायला लागलं म्हणून कोणी तिला घरात घेतलं, की दुसऱ्याच दिवशी ती ताटलीकडे ढुंकून बघत नाही. मग दूध, मग दूध-पोळी, मग अंडं, मग महागाचं पाऊच असा सपाटा सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत तिला जुलाब लागलेले असतात. बहुतेक वेळा दोष अन्नात नसतोच. जागेत, वासात किंवा वेळेत असतो. मात्र काही वेळा न खाणं हे मोठ्या आजाराचं पहिलं चिन्ह असतं. म्हणून आधी फुकटातले उपाय, मग खर्चाचे, आणि हे सगळं घड्याळाकडे बघत.

आधी लक्षण नीट ओळखा

- दिवसभर पलंगाखाली किंवा कपाटामागे बसून राहते, ताटली तशीच. पण पहाटे बघितलं तर थोडं कमी झालेलं दिसतं.
- जवळ येते, हुंगते, ओठ चाटते आणि मागे सरते. कधी ताटलीशेजारची फरशी पंजाने उकरते.
- दोन घास खाते, उठते, तासाभराने परत येते.
- भूक आहे, धावत येते, पण चावताना मान वाकडी करते, लाळ गाळते, घास टाकून देते.
- शिंका, चोंदलेलं नाक, डोळ्यांत चिपडं.
- खाते, पण शी पातळ, पाठीचा कणा हाताला लागतो, फक्त पोट मोठं.
- कालपर्यंत चांगली खात होती. आज सोडलं, कोपरे उकरते आहे, ये-जा चालू आहे.
- खात नाही, पाणी मात्र खूप पिते, निपचित पडते, मागून स्राव येतो. हे दिसलं तर मधलं काही करू नका, थेट 'इथे थांबा आणि पशुवैद्याला बोलवा' या भागाकडे जा.

शेवटचा घास नक्की किती वाजता पोटात गेला ते लिहून ठेवा. गाभण मांजरीने पूर्ण 24 तास काहीच खाल्लं नसेल तर घरचे प्रयोग थांबवायचे. इथे ताणून चालत नाही, कारण उपाशी मांजराचं शरीर अंगातली चरबी यकृताकडे वळवतं, यकृताला ती झेपत नाही आणि काही दिवसांत यकृतच बिघडायला लागतं. पोटात पिल्लं असतील तर अन्नाची मागणी जास्त, म्हणजे ही वेळही लवकर येते.

1. ती खरंच उपाशी आहे का?

खर्च शून्य, आणि बरीच प्रकरणं इथेच मिटतात. मांजर बाहेर ये-जा करत असेल तर शेजारी विचारा. आपल्या नाशिकमध्ये सिडकोतल्या रो-हाउसच्या गल्लीत किंवा पंचवटीतल्या वाड्यात एक मांजर तीन घरी तीन नावांनी जेवत असते. पोट दिसायला लागल्यावर तर सगळ्यांनाच तिची दया येते. असं असेल तर चिंता न खाण्याची नाही, बाकीची घरं काय घालतात याची.

मांजर एका खोलीतच असेल तर अन्न मोजा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रात्री 40 ग्रॅम कोरडं खाणं मोजून ठेवा, सकाळी उरलेलं परत मोजा. नव्या जागी मांजरं माणसं झोपल्यावर खातात. ताटली डोळ्यांना भरलेली दिसते, काटा मात्र 15 ग्रॅम कमी दाखवतो. मुंग्या, उंदीर किंवा घरातलं दुसरं मांजर ते खात नाही ना, एवढं बघून घ्या. मुंग्यांसाठी परातीत बोटभर पाणी घालून त्यात वाटी ठेवायची आपली जुनी रीत पुरेशी आहे. खडूने रेघ ओढू नका, त्या खडूत कीटकनाशक असतं आणि ते तिच्या पायांवाटे तोंडात जातं.

आठवड्यातून एकदा वजनही करा. मांजर खोक्यात, खोकं हातात, आपण वजनकाट्यावर. मग नुसत्या खोक्यासकट आपलं वजन वजा. 3 किलोची मांजर दिवस भरेपर्यंत साधारण किलोभर वाढते आणि ही वाढ सुरुवातीपासून हळूहळू होते. दोन आठवडे काटा जागचा हलला नाही तर ती कमी खाते आहे, मग ताटली काहीही सांगो.

2. जागा

घरात घेतलेल्या मांजरीला लोक बहुधा बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत ठेवतात. बाथरूममध्ये फिनेलचा वास, बाल्कनीत ऊन आणि कुत्र्यांचं भुंकणं. घाबरलेलं मांजर खात नाही, लपायची जागा नसेल तर अजिबातच नाही.

कमी वावराच्या खोलीचा एक कोपरा द्या. साधारण 50 × 40 सेंटीमीटरचं, 40 सेंटीमीटर उंच पुठ्ठ्याचं खोकं घ्या. एका बाजूला दार कापा, पण तळापासून 12 ते 15 सेंटीमीटरचा उंबरा ठेवा. पुढे पिल्लं गडगडत बाहेर येत नाहीत. वरचं झाकण राहू द्या. आत जुन्या सुती साडीच्या घड्या. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. मांजर याच खोक्यात विणार आहे असं धरून चाला, म्हणून दिवस भरायच्या निदान दोन आठवडे आधी ते मांडून ठेवलेलं बरं.

खाणं खोक्यापासून दोन-तीन हात दूर, पाणी त्याहून वेगळ्या जागी, आणि शी-शूचं घमेलं खोलीच्या विरुद्ध टोकाला. ही मांडणी चुकली तर अन्न कितीही चांगलं असो, मांजर खात नाही. शीच्या शेजारी जेवायला तिचा उपजत विरोध असतो. घमेल्यात 5 ते 7 सेंटीमीटर चाळलेली वाळू चालते. फरशी साबणाच्या पाण्याने पुसा. पाण्यात टाकल्यावर पांढरं होणारं कुठलंही जंतुनाशक तिच्या खोलीत नको. त्यातले फिनॉलच्या जातीचे पदार्थ मांजराच्या यकृताला पचत नाहीत आणि ती पंजे चाटते तेव्हा ते सरळ पोटात जातात. धूप, मच्छर अगरबत्ती हेही त्या खोलीतून काढा.

नाशिकचं हवामान इथे मध्ये येतं. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरची खोली दुपारी भट्टी होते आणि पारा 40 च्या पुढे जातो. त्या वेळी मांजर खाणार नाही आणि त्यात आजार काही नाही. पहाटे 5-6 ला आणि रात्री 9 नंतर जेवण द्या, दुपारी फक्त पाणी, खिडकीला ओला पडदा. उलट डिसेंबर-जानेवारीत पारा 10 च्या खाली उतरतो. तेव्हा खोक्याखाली गोणपाट किंवा थर्मोकोलचा तुकडा घाला, नाहीतर फरशीचा गारठा थेट अंगात शिरतो. दिवाळीचे फटाके आणि मिरवणुकीच्या ढोल-ताशाच्या रात्रीही ती खाणार नाही. दुसऱ्या दिवशी खाते का ते बघा.

मांडणी बदलल्यावर 12 तास तिला एकटं सोडा. दर अर्ध्या तासाला वाकून 'खाल्लं का गं माऊ' करणं हेच बऱ्याचदा न खाण्याचं कारण असतं.

3. ताटली आणि अन्नाची ऊब

मांजर चवीपेक्षा वासावर खातं. फ्रिजमधून काढलेल्या चिकनला वास नसतो, म्हणून ती हुंगून निघून जाते. वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवून अन्न अंगाइतकं कोमट करा, बोट घातल्यावर ना गार ना गरम. मायक्रोवेव्ह टाळा, मधेच एखादा घास चटका देणारा राहतो आणि मग ती त्या ताटलीलाच घाबरते.

खोल वाटीऐवजी पसरट ताटली घ्या, मिशा कडेला घासल्या की काही मांजरं खाणं सोडतात. भांडी घासायच्या साबणाचा लिंबाचा वास राहिला तरी हेच होतं. ताटली नुसत्या गरम पाण्याने पुन्हा धुवा. ओलं अन्न उन्हाळ्यात तासाभरात उचला. आंबलेलं तिला आपल्या आधी कळतं.

एवढं करूनही अडलं तर बिनमिठाचा सुका बोंबील तव्यावर भाजून त्याची चिमूटभर पूड अन्नावर भुरभुरवा. हे आमिष आहे, जेवण नाही.

4. ताटलीत काय आहे

दूध बंद. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. पोट गुरगुरतं, जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं आणि भूक मरते. गाभण आहे, दूध लागेलच, हा समज सगळ्यात चिवट आहे. तिला दूध येण्यासाठी दूध नाही, पाणी आणि मांसातलं प्रथिन लागतं.

दूध-पोळी, वरण-भात यावर ती जगते, पण पिल्लं पोसत नाही. टॉरिन नावाचं द्रव्य मांजराला मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं तर पोटातली पिल्लं विरघळतात, मेलेली किंवा अशक्त जन्मतात.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पिल्लांसाठीचं कोरडं कॅट फूड, म्हणजे पाकिटावर 'किटन' लिहिलेलं. मोठ्या मांजरांचं नको. पिल्लांच्या खाण्यात प्रथिनं, चरबी आणि चुना (कॅल्शियम) गाभण मांजरीला लागतो त्या प्रमाणात असतो. ज्या घरात मांस शिजत नाही तिथेही याने प्रश्न सुटतो, गॅसवर काही ठेवावं लागत नाही. 3 किलोच्या मांजरीला सुरुवातीच्या आठवड्यांत दिवसाला 50 ग्रॅमच्या आसपास, शेवटच्या तीन आठवड्यांत 70 ते 80 ग्रॅम. पाकिटावरचा तक्ता वेगळं सांगत असेल तर तक्ता धरा, प्रत्येक खाण्यातली ऊर्जा वेगळी असते. ती हाडकुळी असेल तर मोजायच्या भानगडीत पडू नका, मागेल तेवढं द्या.

नवं खाणं एकदम बदलू नका. पहिले दोन दिवस चौथा हिस्सा नवं, मग अर्धं, मग तीन हिस्से, आठवड्याभरात पूर्ण. रस्त्यावरच्या मांजरीला कोरडे दाणे म्हणजे अन्न हेच माहीत नसतं, तिला ते चिकनच्या पाण्यात भिजवून द्या.

चिकन घरी करायचं तर 100 ग्रॅम बिनहाडाचं, बुडेल एवढ्या पाण्यात, मीठ-हळद-मसाला काही न घालता 15 मिनिटं उकडा, बोटाने चुरा आणि पाणी टाकू नका. टॉरिन पाण्यात उतरतं, ते पाणी कोमट करून घासावर घाला. नुसत्या चिकनवर चार-पाच दिवस काढता येतात, पूर्ण गाभणपण नाही, कारण त्यात चुना जवळजवळ नसतो. मग लोक कॅल्शियमचं टॉनिक आणतात. ते तर अजिबात नको: गाभणपणात वरून कॅल्शियम दिलं की शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढायची सवय सोडतं, आणि वीण झाल्यावर दूध सुरू होताच रक्तातलं कॅल्शियम कोसळून झटके येऊ शकतात.

कलेजी स्वस्त आणि तिला आवडतेही, पण रोज दिली तर अ जीवनसत्त्व जास्त होऊन पिल्लांत व्यंग येऊ शकतं. आठवड्यातून एकदा, सुपारीएवढा तुकडा. राहू-कटल्यात बारीक काटे फार, नीट काढता येत असतील तरच उकडून द्या. कच्चा मासा आणि कच्चं चिकन दोन्ही नको. अंडं उकडलेलं, अर्धं, एक दिवसाआड.

रस्सा कुठलाच नाही. कांदा आणि लसूण, मग तो शिजलेला असो, वाळवलेला असो वा मसाल्यात वाटलेला, मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. नाशिक जिल्ह्यात कांदा कुठल्या भाजीत नसतो? द्राक्षं आणि बेदाणेही घरात पडलेले असतात. कुत्र्यांची मूत्रपिंडं त्यांनी निकामी होतात हे पक्कं आहे, मांजरीवर तो धोका घ्यायचं कारण नाही.

शेवटच्या पंधरा दिवसांत 'दोन घास खाऊन उठते' ही तक्रार हमखास येते. तेव्हा गर्भाशय जठराला दाबतं आणि एका वेळी पोटात जागा नसते. तेवढंच अन्न पाच-सहा वेळा विभागून द्या. कोरडं खाणं दिवसभर ताटलीत राहू दिलं तरी चालतं.

पाणी दिवसाला वजनाच्या दर किलोला 50 ते 60 मिलिलिटर पोटात जायला हवं. ओल्या अन्नातून बरंच जातं, कोरड्यावर असेल तर चिनी मातीच्या पसरट भांड्यात दोन ठिकाणी ठेवा.

5. जंत आणि पिसवा

खाते, पण अंगाला लागत नाही असं असेल तर घमेल्यात बघा. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे म्हणजे पट्टकृमी, आणि तो पिसवांमधून येतो. उलटीत किंवा शीत शेवयांसारखे लांब जंत म्हणजे गोलकृमी. हे आईच्या दुधातून पिल्लांत उतरतात. गाभणपणात चालणारी जंताची औषधं आहेत, पण कुठलं, किती आणि कोणत्या आठवड्यात हे वजन सांगून पशुवैद्याकडूनच ठरवा. मेडिकलवाल्याकडून माणसाची गोळी अर्धी करून नाही.

पिसवांसाठी पांढऱ्या ओल्या कागदावर अंगातली काळी कणी झाडा. लालसर डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. बारीक दातांच्या फणीने विंचरा, फणी साबणाच्या पाण्यात बुडवा, अंथरूण दर दोन दिवसांनी गरम पाण्यात धुवा. कुत्र्यांचं पिसवांचं औषध मांजरीला लावू नका. त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असेल तर ती झटके येऊन मरू शकते. हिरड्या एरवी गुलाबी असतात. पांढरट दिसल्या तर पिसवांनी किंवा जंतांनी रक्त कमी केलंय, हे घरी भरून निघत नाही.

6. नाक आणि तोंड

नाक चोंदलं की वास नाही, वास नाही की जेवण नाही. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाक-डोळे पुसा, बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफेत दहा मिनिटं तिला खोक्यासकट ठेवा, मग लगेच कोमट ओलं अन्न पुढे करा. विक्स, बाम काही लावू नका. एका दिवसात फरक नाही किंवा नाकातून हिरवा-पिवळा स्राव असेल तर डॉक्टर.

तोंड उघडून बघायचा हट्ट नको. ती जांभई देते तेव्हा बघा: लालभडक हिरड्या, जिभेवर फोड, दाताशी अडकलेलं हाड. लाळ आणि वाकडी मान असेल तर हे घरचं काम नाही.

ती चावली किंवा ओरखडली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिलमध्ये किंवा महापालिकेच्या रुग्णालयात रेबीजच्या लसीसाठी जा. मांजर गाभण आणि गरीब दिसते म्हणून हे टाळू नका. घरात बाई गरोदर असेल तर घमेलं दुसऱ्याने, रोजच्या रोज साफ करावं. टोक्सोप्लाझ्मा हा मांजराच्या शीतून पसरणारा, पोटातल्या बाळाला बाधणारा परजीवी; त्याची अंडी बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगी व्हायला किमान एक दिवस घेतात, त्याआधी शी उचलली की धोका खूप कमी होतो.

7. ती गाभणच आहे ना, आणि दिवस किती झाले?

मोठं पोट म्हणजे पिल्लंच असं नाही. जंतांनी, पोटात पाणी साठून किंवा गर्भाशयात पू होऊनही पोट वाढतं. तिसऱ्या आठवड्यात सड गुलाबी आणि ठळक होतात, पाचव्या आठवड्यात पोट दिसतं, शेवटच्या दोन आठवड्यांत कुशीवर पिल्लांची हालचाल दिसते. पोट दाबून पिल्लं मोजायची नाहीत. सोनोग्राफीत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून गर्भ दिसतो. किती पिल्लं हे मोजायचं तर साधारण 50 दिवसांनंतरचा एक्स-रे जास्त भरवशाचा, आणि ती संख्या वीण होताना फार उपयोगी पडते.

पोट मोठं, पण सड लहान आणि फिकट, खाणं बंद, पाणी खूप आणि मागून घाण वासाचा स्राव असेल तर ते गर्भाशयातलं पू असण्याची शक्यता मोठी. कधी स्राव बाहेर येतच नाही, तेव्हा धोका जास्त. याला शस्त्रक्रिया लागते, आणि तीही लवकर.

मांजराचे दिवस 63 ते 65. दोन्हीकडे चार-पाच दिवस मागेपुढे. रस्त्यावरच्या मांजरीची तारीख कोणालाच माहीत नसते, म्हणून दूध आलंय का ते बघा. सड फुगून त्यातून थेंब दिसला तर एक-दोन दिवसांत ती विते. त्या वेळी 12 ते 24 तास न खाणं नैसर्गिक आहे. कोपरे उकरणं, खोक्यात आत-बाहेर, घुरघुर, मागचा भाग चाटणं हे सोबत असतं. ती माणसाळलेली असेल आणि गुदद्वारातून ताप घेऊ देत असेल तर नेहमीचं 100.5 ते 102.5 फॅरनहाइट तापमान 100 च्या खाली उतरलेलं दिसतं. घेऊ देत नसेल तर झटापट करू नका, त्या एका आकड्यासाठी तिला खोक्यातून पळवून लावाल.

इथे थांबा आणि पशुवैद्याला बोलवा

- पूर्ण 24 तास काही खाल्लं नाही आणि वीण जवळ आल्याचं कुठलंच चिन्ह नाही.
- जोराच्या कळा 20 ते 30 मिनिटं, पिल्लू नाही.
- पिल्लू अर्धवट बाहेर येऊन दहा मिनिटं अडकलं. ओढू नका.
- पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव, किंवा ताजं लाल रक्त वाहत राहणं.
- दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त वेळ, आणि ती अस्वस्थ आहे. शांतपणे पिल्लांना पाजत असेल तर मात्र ती मधेच बराच वेळ विश्रांती घेते, तो बिघाड नव्हे.
- ताप 103 च्या पुढे, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या, सतत उलट्या, थरथर, ताठरपणा, तोंड उघडं ठेवून धापा.
- 70 दिवस उलटून गेल्याची खात्री आहे.

बोलावण्याआधी पॅरासिटामॉल, पोटदुखीची गोळी, ग्लुकोजचं इंजेक्शन काही नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारायला पुरते. सिरिंजने जबरदस्तीने भरवणंही नको. घाबरलेल्या मांजरीच्या श्वासनलिकेत अन्न गेलं की न्यूमोनिया. लसीचंही तसंच, काही लसी गाभणपणात पिल्लांच्या मेंदूला इजा करतात, त्यामुळे 'आणलीच आहे तर टोचून घेऊ' असं डॉक्टरांना गळ घालू नका.

रात्री दोनला नंबर शोधत बसण्यापेक्षा दिवस भरायच्या आधीच दोन दवाखान्यांना फोन करून तीन प्रश्न विचारून ठेवा: मांजरं बघता का, रात्री उघडे असता का, सिझेरियन करता का. शहरात गुरांचे आणि कुत्र्यांचे डॉक्टर पुष्कळ, मांजराचं सिझेरियन करणारे मोजके, आणि 'बघतो' म्हणणारा प्रत्येक जण ते करेलच असं नाही. 1962 हा पशुसंवर्धनाचा फोन मुख्यतः गुरांसाठी आहे, त्याच्या भरवशावर राहू नका.

न्यायला पिंजरा नसेल तर मंडईतले टोमॅटोचे दोन प्लास्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून चारही बाजूंनी सुतळीने बांधा, आत साडी, वरून चादर. हवा खेळती राहते आणि ती फोडून निघत नाही. पोत्यात घालू नका. दुचाकीवरून नको, रिक्षा करा. फोनवर सांगायला हे हाताशी ठेवा: शेवटचा घास कधी, शेवटचं वजन, शी-शू कधी, कळा किती वाजता सुरू झाल्या, किती पिल्लं झाली आणि किती वारा (प्लासेंटा) पडल्या. प्रत्येक पिल्लामागे एक वार असते. मांजर ती खाऊन टाकते, त्यामुळे मोजणी तिथल्या तिथेच करावी लागते.

वीण झाल्यावर परत खात नसेल तर

वारा खाल्ल्यामुळे पहिले काही तास भूक नसते. 24 तासांत ती खायला उठली पाहिजे. उठत नसेल तर ताटली खोक्याच्या दारातच ठेवा, पिल्लांना सोडून जायला ती घाबरते. याउपर नाही खाल्लं, स्रावाला घाण वास आला, सड दगडासारखे कडक आणि गरम लागले किंवा चालताना पाय ताठ पडायला लागले तर त्याच दिवशी दवाखाना.

पाजणाऱ्या मांजरीला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेहमीच्या दुप्पट ते तिप्पट अन्न लागतं, म्हणजे 3 किलोच्या मांजरीला किटन फूड 100 ते 150 ग्रॅम. पिल्लू जन्मतः 90 ते 110 ग्रॅम असतं आणि रोज साधारण 10 ग्रॅम वाढतं. स्वयंपाकघरातल्या त्याच काट्यावर रोज एका वेळी मोजा. दोन दिवस सलग वाढ नाही तर आईचं जेवण आधी तपासा, पिल्लाचं नंतर. पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून तोवर तिला बाहेर सोडू नका. नसबंदीची तारीख पिल्लं आठ आठवड्यांची होऊन दूध सुटेल तेव्हाची, आत्ताच घेऊन ठेवा.